फॉल्ट पलीकडच्या लाइनवर, ट्रिप झाली आमची लाइन: ब्लॉकिंग स्कीमबद्दल मदत हवी

नवी वाहिनी
नमस्कार मंडळी. मी लाइन प्रोटेक्शनच्या टेस्टिंगमध्ये काम करतो. गेल्या महिन्यात घडलेला एक प्रकार इथे मांडतो, कारण आमच्याकडे त्यावर दोन बैठका झाल्या तरी समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

२२० केव्हीची एक लाइन आहे. तिच्या टोकांना अ आणि ब म्हणू. दोन्हीकडे डिस्टन्स रिले (करंट-व्होल्टेजवरून फॉल्ट किती लांब आहे ते ओळखणारे) आहेत आणि पीएलसीसीवर, म्हणजे लाइनच्याच तारेवरून जाणाऱ्या कॅरिअर संदेशावर, चालणारी ब्लॉकिंग स्कीम आहे. ब च्या पलीकडे जाणाऱ्या दुसऱ्या लाइनवर, ब च्या बसपासून (सबस्टेशनमधल्या सगळ्या लाइन जिथे जोडतात त्या सामाईक वाहकापासून) अगदी जवळ, एका फेजचा अर्थ-फॉल्ट (जमिनीशी होणारा फॉल्ट) झाला. त्या लाइनचं प्रोटेक्शन चोख चाललं, तिचा ब्रेकर लगेच उघडला. पण त्याच वेळी आमची लाइनही अ टोकाकडून ट्रिप झाली. अ च्या रिलेवर नोंद आहे ती कॅरिअर स्कीमच्या ट्रिपची. झोन-१ (लगेच ट्रिप करणारा पट्टा) पिकअप झालेला, म्हणजे उठलेला, नाही आणि झोन-२ (जास्त लांब बघणारा, पण थांबून ट्रिप करणारा) ची वेळ भरायला अजून पुष्कळ अवकाश होता.

कॅरिअर चॅनल तपासलं, ठीक आहे. रोजची चेक-बॅक चाचणी त्या दिवशी सकाळीही पास झाली होती. मग ब कडून ब्लॉक का आला नाही? बैठकीत एकच वाक्य परत परत ऐकू आलं, 'कॅरिअर फेल झालं असेल.' मला ते पटत नाही.

विद्यार्थी ५०
प्रश्न छान आहे, पण माझ्यासारख्यांना मुळापासून कोणी सांगेल का? ब्लॉक न आल्यामुळे लाइन ट्रिप होते म्हणजे नेमकं काय? मला वाटायचं की कॅरिअर आल्यावर ट्रिप होते.

जुना टेस्टर
विद्यार्थीमित्रा, तुला जे वाटतं ती परमिसिव्ह स्कीम. ब्लॉकिंगमध्ये सगळं उलटं असतं. जरा सविस्तर सांगतो.

डिस्टन्स रिलेचा झोन-१ लाइनच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच लावतात. पूर्ण १०० टक्के लावला तर सीटी-सीव्हीटीच्या (रिलेला करंट आणि व्होल्टेज देणाऱ्या मोजमापाच्या ट्रान्सफॉर्मरांच्या) चुका, लाइन इम्पीडन्सच्या आकड्यातली तफावत आणि फॉल्ट करंटमधला डीसी भाग यांमुळे रिले पलीकडच्या बसवरचा फॉल्टही आपला समजेल. आता दोन्ही टोकांकडून ८०-८० टक्के मोजून बघ. दोघांच्याही झोन-१ मध्ये येतो तो मधला ६० टक्के भागच. दोन्ही टोकांजवळच्या २०-२० टक्क्यांत फॉल्ट झाला तर जवळचं टोक लगेच उघडतं, लांबचं टोक मात्र झोन-२ ची वेळ भरेपर्यंत, म्हणजे ३०० ते ५०० मिलिसेकंद, फॉल्टला करंट पुरवत राहतं. मोठ्या ग्रिडमध्ये एवढा वेळ जनरेटरांच्या स्थैर्याला परवडत नाही.

यावर उपाय म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांशी बोलायचं. लांबच्या टोकाचा झोन-२ लाइनच्या पुढेही पोचतो, त्यामुळे त्याला कळतं ते एवढंच की फॉल्ट आपल्या पुढच्या दिशेला आहे. तो लाइनच्या आत आहे की शेवटच्या बसच्या पलीकडे, हे त्याला एकट्याला ठरवता येत नाही. ते समोरच्या टोकाला कळतं, कारण फॉल्ट पलीकडे असेल तर समोरच्याला तो आपल्या पाठीमागे दिसतो.

परमिसिव्हमध्ये समोरचं टोक म्हणतं, 'मलाही पुढेच दिसतोय, तू ट्रिप हो.' ब्लॉकिंगमध्ये समोरचं टोक फॉल्ट पाठीमागे असेल तेव्हाच बोलतं आणि म्हणतं, 'थांब, तो माझ्या मागे आहे.' बाकी सगळ्या वेळी ते गप्प असतं. त्या गप्प राहण्याचा अर्थ असतो, ट्रिप व्हायला हरकत नाही.

म्हणून धागाकर्त्याच्या प्रकरणात आधी हे शोधायला हवं की ब बोललाच नाही, बोललेलं पोचलं नाही, की उशिरा पोचलं. या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत. 'कॅरिअर फेल' या एका शब्दाखाली तिन्ही कोंबल्या की तपास तिथेच संपतो.

तरंगबंध
वर 'जुना टेस्टर' यांनी मांडलं त्यात पीएलसीसीच्या बाजूने थोडी भर घालते, कारण ही स्कीम मुळात का जन्मली ते तिथेच कळतं.

पीएलसीसीत संदेश जातो तो लाइनच्याच तारेवरून. साधारण ३० ते ५०० किलोहर्ट्झमधली एखादी फ्रीक्वेन्सी सीव्हीटी आणि मॅचिंग युनिटमधून तारेवर चढवतात. ती बसकडे पळून जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना वेव्ह ट्रॅप बसवतात. ट्रॅप ५० हर्ट्झच्या करंटला वाट देतो, कॅरिअरला अडवतो.

आता फॉल्ट लाइनच्या आत, त्याच तारेवर झाला असं धरा. तार जमिनीला टेकली आहे, नाहीतर आर्क पेटला आहे. अशा वेळी त्याच तारेवरून 'ट्रिप हो' हा संदेश पलीकडे नेण्याची परमिसिव्हला गरज असते, आणि नेमका तेव्हाच तो क्षीण होतो किंवा पोचत नाही. ब्लॉकिंगला आतल्या फॉल्टच्या वेळी संदेश लागतच नाही. संदेश लागतो तो फॉल्ट बाहेर असताना, आणि तेव्हा आपली लाइन धडधाकट असते. इतकी साधी आणि इतकी सुंदर कल्पना आहे ही. मी या क्षेत्रात आले तेव्हा हे समजल्यावर दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. ऑन-ऑफ कॅरिअर एरवी बंद असतं. ते मेलं तर एरवी कोणालाच कळत नाही, कळतं ते बाहेरच्या फॉल्टला लाइन विनाकारण ट्रिप झाल्यावर. म्हणून चेक-बॅक चाचणी असते: ठरलेल्या वेळी एक टोक हाक मारतं, दुसरं ओ देतं. धागाकर्त्याची ही चाचणी पास आहे, म्हणजे चॅनल मेलेलं नाही एवढं नक्की. मात्र ती चाचणी काय विचारते आणि काय विचारत नाही, यावर मी नंतर लिहीन. आधी डीआर (फॉल्टच्या वेळी रिलेने टिपलेला रेकॉर्ड) टाका.

शून्यक्रम
सेटिंगचे आकडेही द्या: लाइन इम्पीडन्स, अ चा झोन-२, ब चा रिव्हर्स (पाठीमागे बघणारा) झोन, दोन्हीकडच्या अर्थ-फॉल्ट एलिमेंटचे पिकअप. माझा पहिला संशय नेहमी रीचवर, म्हणजे रिलेला किती लांबचं दिसतं त्यावर, असतो. अ ला पलीकडे जेवढं दिसतं, त्याहून जास्त ब ला पाठीमागे दिसलं पाहिजे. नाहीतर एक असा पट्टा उरतो जिथला फॉल्ट अ ला दिसतो, ब ला दिसत नाही, आणि ब गप्प बसतो.

नवी वाहिनी
सगळ्यांचे आभार. आकडे देतो.

लाइन इम्पीडन्स २४ ओहम. अ चा झोन-२ ३० ओहम. ब चा रिव्हर्स झोन ९ ओहम. सीटी सेकंडरी १ अँपिअर. अ कडचा फॉरवर्ड अर्थ-फॉल्ट ०.३० अँपिअरला पिकअप होतो, ब कडचा रिव्हर्स ०.२० ला. अ कडचा को-ऑर्डिनेशन टाइमर (ट्रिपआधी ब्लॉकची वाट बघण्याचा वेळ) १० मिलिसेकंद.

दोन्हीकडचे डीआर मिळाले आहेत, पण ब च्या रिलेचं घड्याळ जीपीएसला जोडलेलं नाही. वेळ जवळजवळ सव्वादोन मिनिटांनी चुकीची आहे, त्यामुळे दोन्ही रेकॉर्ड जुळवता येत नाहीयेत.

शून्यक्रम
रीच ठीक आहे. ३० मधून २४ गेले, म्हणजे अ ला ब च्या बसपलीकडे ६ ओहम दिसतं. ब ला मागे ९ दिसतं, दीडपट. अर्थ-फॉल्टमध्येही ब जास्त संवेदनशील आहे, जसा हवा तसा. माझा संशय मागे घेतो.

जाता जाता एक सांगतो. रिव्हर्स झोन सढळ हाताने मोठा ठेवायला लोक बिचकतात, कारण लांब पोचणाऱ्या झोनचं नाव फारसं चांगलं नाही. १४ ऑगस्ट २००३ च्या अमेरिका-कॅनडातल्या ब्लॅकआउटमध्ये ओहायोतली सॅमिस-स्टार ही ३४५ केव्हीची लाइन कुठलाही फॉल्ट नसताना झोन-३ वर (सगळ्यात लांब पोचणाऱ्या झोनवर) ट्रिप झाली. जड लोड आणि पडलेलं व्होल्टेज मिळून रिलेला फॉल्टसारखं दिसलं. पण ती ट्रिप करणाऱ्या झोनची गोष्ट. ब्लॉकिंगमधला रिव्हर्स झोन फक्त कॅरिअर सोडतो. तो थोडा जास्त पोचला तर होणारं नुकसान कमी पोचल्यापेक्षा फारच कमी.

जुना टेस्टर
घड्याळाची काळजी नको. फॉल्ट बाहेरचा आहे ना? मग लाइनच्या एका टोकातून जो फॉल्ट करंट आत आला, तोच दुसऱ्या टोकातून बाहेर गेला. दोन्ही डीआरमधली त्या फेजची करंट-लहर जवळजवळ सारखीच असेल, फक्त एक उलटी. ब ची लहर उलटी करून अ च्या लहरीवर ठेवा आणि फॉल्ट सुरू झाल्याचा कोपरा जुळवा. तो क्षण शून्य धरा. मिलिसेकंदाच्या आसपास जुळतं, आणि आपल्याला तेवढं पुरेसं आहे.

मग चार वेळा लिहा: अ चा फॉरवर्ड कधी उठला, अ चं ट्रिप कधी, ब चा रिव्हर्स कधी उठला, आणि अ ला कॅरिअर कधी मिळालं. 'कॅरिअर रिसीव्ह' हा इनपुट डीआरमध्ये घेतलेला आहे ना? पुष्कळ ठिकाणी तोच घ्यायचा राहिलेला असतो.

नवी वाहिनी
सुदैवाने घेतलेला आहे. तुम्ही सांगितलंत तसं जुळवलं. फॉल्ट शून्याला सुरू झाला असं धरून:

अ चा फॉरवर्ड अर्थ-फॉल्ट १३ मिलिसेकंदांना उठला. १० चा टाइमर भरून २३ ला ट्रिप गेली.
ब चा रिव्हर्स १६ ला उठला. तिथून कॅरिअर सेटकडे जाताना मध्ये एक सहायक रिले आहे, त्याचा कॉन्टॅक्ट २१ ला मिटला.
अ ला कॅरिअर मिळालं २६ ला.

म्हणजे ब्लॉक आला होता! ट्रिपनंतर ३ मिलिसेकंदांनी. बैठकीत दोन तास आम्ही जे नाही म्हणत होतो ते डीआरमध्ये स्पष्ट दिसतंय. हे बघून हात थरथरले माझे.

जुना टेस्टर
झालं, सापडलं. आता एकच प्रश्न: अ कडचा रिले अलीकडे बदलला आहे का?

नवी वाहिनी
हो. दीड वर्षापूर्वी अ ला न्यूमेरिकल (प्रोसेसरवर चालणारा) रिले बसवला. ब ला अजून जुना स्टॅटिक (साध्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा) आहे. तुम्हाला कसं कळलं?

जुना टेस्टर
१० मिलिसेकंदांच्या टाइमरवरून. हा आकडा कोणीतरी विचार करून ठरवला असणार, पण जुन्या रिलेसाठी. जुन्या सेटिंग शीटमध्ये बघा, अ कडच्या आधीच्या रिलेचा फॉरवर्ड बहुतेक २०-२५ मिलिसेकंदांनी उठत असेल. समजा २४. त्यावर १० म्हणजे ३४. ब चा ब्लॉक तेव्हाही २६ लाच पोचत होता, म्हणजे ८ मिलिसेकंद आधी. स्कीम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली. मग अ ला चपळ रिले आला, तो १३ लाच उठू लागला, आणि टाइमर मात्र जुन्या कागदावरून जसाच्या तसा उतरवला गेला. त्या दिवसापासून ही ट्रिप ठरलेलीच होती. ती व्हायला ब च्या मागे एक फॉल्ट व्हायचा बाकी होता.

ब्लॉकिंग स्कीम म्हणजे शर्यत आहे. अ कडचा ट्रिपचा निर्णय आणि ब कडून निघालेला ब्लॉक एकाच क्षणी धावायला लागतात. ब्लॉकला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून ट्रिपला मुद्दाम अडवून धरायचं. त्या अडवण्यालाच को-ऑर्डिनेशन टाइमर म्हणतात. किती अडवायचं? ब च्या रिव्हर्सला लागणारा जास्तीत जास्त वेळ, अधिक कॉन्टॅक्टचा, अधिक चॅनलचा, अधिक अ च्या इनपुटचा. त्यातून अ च्या फॉरवर्डला लागणारा कमीत कमी वेळ वजा. आणि वर थोडं मार्जिन. या बेरजेतल्या संख्या दोन वेगवेगळ्या सबस्टेशनांतून येतात हे लक्षात घ्या. म्हणून एका टोकाचा रिले बदलणं असं काही नसतं. काम एका टोकाला झालं तरी बदलते ती दोन्ही टोकांची मिळून असलेली स्कीम.

माझ्या नोकरीत मी स्वतः हीच चूक केली आहे. रिले बदलला, बेंचवर पिकअप तपासले, लाइन चालू केली, आणि समोरच्या टोकाला फोनसुद्धा केला नाही. चार महिन्यांनी त्या लाइनने मला शिकवलं.

तरंगबंध
आता चेक-बॅकचं राहिलेलं सांगते. ती चाचणी विचारते, 'आवाज पोचला का?' ती असं विचारत नाही की किती वेळात पोचला. ५ मिलिसेकंदांनी पोचला तरी पास, ५० नी पोचला तरी पासच. शिवाय ती कॅरिअर सेटपासून कॅरिअर सेटपर्यंतच जाते. रिलेचा कॉन्टॅक्ट, मधला सहायक रिले आणि पलीकडच्या रिलेचा इनपुट तिच्या वाटेत येतच नाहीत. तुमचे ५ मिलिसेकंद त्या सहायक रिलेने खाल्ले, आणि रोज पास होणाऱ्या चाचणीला त्याचा पत्ताही नव्हता.

पहिलं काम म्हणून तो सहायक रिले काढा, किंवा ब च्या रिलेला सॉलिड-स्टेट (यांत्रिक कॉन्टॅक्ट नसलेला) आउटपुट असेल तर थेट तोच जोडा. टाइमर वाढवण्याआधी वाट मोकळी करा.

मोकळी फेज
मला वेगळा मार्ग सुचवायचा आहे. रिव्हर्स उठेपर्यंत वाट बघायचीच कशाला? जुन्या इलेक्ट्रोमेकॅनिकल स्कीममध्ये कॅरिअर दिशा न बघताच सुरू करायचे. कुठलाही फॉल्ट दिसला, करंट उडी मारून वाढला, की कॅरिअर सोडायचं. नंतर दिशेच्या एलिमेंटने 'पुढे आहे' असं सांगितलं की थांबवायचं. दिशा ठरवायला वेळ लागतो, करंट वाढला एवढं ओळखायला फार कमी लागतो. ब ला असं केलं तर १६ ऐवजी ५-६ मिलिसेकंदांतच कॅरिअर निघेल आणि शर्यत आरामात जिंकेल.

शून्यक्रम
विचार चांगला आहे, पण त्याची किंमत लक्षात घ्या. आतल्या फॉल्टलाही दोन्ही टोकं आधी एकमेकांना ब्लॉक करणार आणि मग सोडणार. म्हणजे प्रत्येक आतल्या फॉल्टला थोडा उशीर.

त्याहून मोठी अडचण कमजोर टोकाची. ब च्या मागे सोर्स अशक्त असेल, तर आतल्या फॉल्टला ब ला करंटची उडी जाणवेल, कॅरिअर निघेल, पण फॉरवर्ड एलिमेंट उठण्याइतकं काही दिसणार नाही. मग कॅरिअर थांबवणार कोण? सशक्त अ टोक ट्रिप व्हायला तयार उभं, आणि अशक्त ब त्याला धरून ठेवतंय. दिशा बघून कॅरिअर सुरू करणाऱ्या स्कीममध्ये अशक्त टोक नुसतं गप्प राहतं आणि सशक्त टोक लगेच ट्रिप होतं. ब्लॉकिंगचा हा मोठाच फायदा आहे. परमिसिव्हमध्ये त्यासाठी एको लॉजिक (आलेला संदेश अशक्त टोकाने परत पाठवणं) वेगळं घालावं लागतं.

मोकळी फेज
कमजोर टोकाचा मुद्दा मान्य. त्यावर उपाय म्हणून विनादिशा सुरुवात थोड्या मिलिसेकंदांपुरतीच ठेवायची: तेवढ्यात रिव्हर्स उठला तर कॅरिअर चालू राहील, नाही उठला तर आपोआप बंद. न्यूमेरिकल रिलेमध्ये हे लॉजिक सहज होतं. पण ब ला जुना स्टॅटिक आहे म्हटल्यावर या केससाठी माझा आग्रह नाही.

विद्यार्थी ५०
वाचनखूण साठवली! एक शंका. आता बऱ्याच लाइनच्या अर्थवायरमध्ये फायबर असतो. मग तारेवरून संदेश जाण्याचा प्रश्नच राहत नाही. तरी ब्लॉकिंग का ठेवायची?

तरंगबंध
फायबर असेल तर ब्लॉकिंगच्या बाजूचं सर्वात मोठं कारण सैल पडतं हे खरं आहे. तिथे परमिसिव्ह चालते, किंवा सरळ लाइन डिफरेन्शिअल (दोन्ही टोकांचे करंट थेट ताडून बघणारं प्रोटेक्शन) लावतात. पीएलसीसीवरही मधला मार्ग आहे, अनब्लॉकिंग. त्यात एक गार्ड फ्रीक्वेन्सी कायम चालू असते, त्यामुळे चॅनल मेलं की लगेच कळतं. गार्ड गेलं आणि ट्रिपची फ्रीक्वेन्सीही आली नाही, तर रिले समजतो की फॉल्टनेच संदेश गिळला असावा, आणि साधारण १५० मिलिसेकंदांची खिडकी उघडून तेवढ्यापुरती ट्रिपची मुभा देतो.

निवड शेवटी एका प्रश्नावर येते: चॅनल नेमक्या वेळी बिघडलं तर तुम्हाला कुठली चूक सोसेल? ब्लॉकिंग बिघडली तर निरोगी लाइन जाते. परमिसिव्ह बिघडली तर फॉल्ट झोन-२ पर्यंत लांबतो. जिथे फॉल्ट लांबला तर जनरेटर सिंक्रोनिझममधून सुटतील, तिथे मी आजही ब्लॉकिंगच्या बाजूने बोलेन. जिथे एक लाइन गेल्यावर बाकीच्या ओव्हरलोड होतात, तिथे विरुद्ध.

जुना टेस्टर
विषय निघालाच आहे तर 'नवी वाहिनी' यांनी ब टोकाला आणखी एक गोष्ट तपासावी: बसबार प्रोटेक्शनचं ट्रिप कॅरिअर थांबवतं का?

ब ला सीटी ब्रेकरच्या लाइनकडच्या बाजूला आहे असं धरा. ब्रेकर आणि सीटी यांच्या मधल्या तुकड्यात फॉल्ट झाला. ब च्या लाइन रिलेला तो पाठीमागे दिसतो, तो इमानेइतबारे अ ला ब्लॉक पाठवतो. बसबार प्रोटेक्शन चालतं, ब चा ब्रेकर उघडतो. पण फॉल्ट ब्रेकरच्या लाइनकडच्या बाजूला आहे, अ कडून करंट येतच राहतो, ब चा सीटी तो मागेच दाखवत राहतो आणि ब चा ब्लॉक चालूच. अ बिचारा झोन-२ ची वेळ भरेपर्यंत ताटकळतो. म्हणून बसबार किंवा ब्रेकर-फेल्युअरचं (ब्रेकर उघडला नाही तर जाणारं) ट्रिप गेलं की त्या टोकाचं कॅरिअर सक्तीने थांबवायचं, आणि थांबवण्याच्या हुकमाला सुरू करण्याच्या हुकमापेक्षा वरचा मान द्यायचा. ही एक वायर कित्येक ठिकाणी ड्रॉइंगमध्ये असते आणि पॅनलमध्ये नसते.

शून्यक्रम
मीही एक जोडतो. दोन टोकांना वेगळ्या पिढीचे रिले असले की दिशा ठरवण्याची पद्धतही वेगळी असू शकते. एक शून्यक्रम व्होल्टेजवर दिशा ठरवतो, दुसरा ऋणक्रमावर (तिन्ही फेजच्या असमतोलातून काढलेली ही दोन वेगळी मापं). एरवी चालून जातं. पण शेजारून समांतर लाइन जात असेल तर परस्पर-प्रेरणेमुळे (एका लाइनच्या करंटने दुसरीत उठणाऱ्या व्होल्टेजमुळे) शून्यक्रमाचा रिले चकू शकतो, आणि मग दोन्ही टोकं एकाच फॉल्टला 'पुढे' म्हणतात. ब्लॉक कोणीच पाठवत नाही. ज्या तत्त्वावर अ चा फॉरवर्ड चालतो, त्याच तत्त्वावर ब चा रिव्हर्स चालला पाहिजे.

उत्तर अमेरिकेत विश्वासार्हतेची मानकं ठरवणाऱ्या नर्क (NERC) या संस्थेने २०१३ मध्ये चुकीच्या ट्रिपिंगवर अहवाल काढला होता. त्यातली तीन मुख्य कारणं होती सेटिंग-लॉजिक-डिझाइनमधल्या चुका, रिलेचे बिघाड आणि संदेशवहनाचे बिघाड. या धाग्यातलं प्रकरण बैठकीत तिसऱ्या खणात टाकलं जात होतं, प्रत्यक्षात ते पहिल्यातलं आहे.

मोकळी फेज
समांतर लाइनचा उल्लेख झालाच आहे म्हणून: तिथे करंट उलटण्याचाही विचार करा. समांतर लाइनवर ब जवळ फॉल्ट आहे. सुरुवातीला निरोगी लाइनमधून करंट अ कडून ब कडे जातो, अ ला पुढे दिसतं, ब ला मागे, ब ब्लॉक पाठवतो, सगळं ठीक. मग सदोष लाइनचा ब कडचा ब्रेकर आधी उघडतो. फॉल्टला आता फक्त अ च्या बसमधूनच वाट उरते, आणि निरोगी लाइनमधला करंट एका झटक्यात उलटतो. आता ब ला पुढे दिसतं, तो ब्लॉक सोडून देतो. अ चा फॉरवर्ड अजून खाली बसलेला नसेल तर अ ट्रिप. किंवा अ चा नवा ब्लॉक पोचायच्या आत ब ट्रिप. दोन्ही वेळा गुन्हेगार लाइन वेगळीच.

यासाठी ब्लॉकची स्थिती साधारण २०-३० मिलिसेकंद टिकली, की ती पुढे आणखी ५०-६० मिलिसेकंद धरून ठेवणारं लॉजिक घालतात.

तरंगबंध
आणि कॅरिअरमध्ये पडणारी भोकंही आहेत. फॉल्टच्या वेळी मॅचिंग युनिटमधल्या गॅपवर ठिणगी उडाली किंवा तारेवर गोंगाट वाढला की मिळत असलेला ब्लॉक क्षणभर तुटतो आणि परत येतो. तेवढ्यात टाइमर भरलेला असेल तर ट्रिप. अ कडच्या कॅरिअर रिसीव्हला २० मिलिसेकंदांच्या आसपास ड्रॉप-ऑफ डिले (संदेश तुटल्यावरही तो थोडा वेळ धरून ठेवणं) दिला आहे का तेवढं बघा.

नवी वाहिनी
उशिरा लिहितोय, क्षमस्व. मधल्या काळात बरंच काम झालं.

जुन्या सेटिंग शीटमध्ये अ च्या आधीच्या रिलेची वेळ सापडली: २४ मिलिसेकंद. 'जुना टेस्टर' काकांचा अंदाज अचूक निघाला. काकांनी सांगितलेली बसबारची वायर ड्रॉइंगमध्ये होती, पॅनलमध्ये टर्मिनलपर्यंत येऊन सुटीच राहिली होती. ती जोडली आणि चालवून बघितली.

ब कडचा सहायक रिले काढून थेट वेगवान आउटपुट जोडला, त्या ५ मिलिसेकंदांचा १ झाला. ब चं घड्याळ जीपीएसवर आणलं. मग शटडाउन घेऊन दोन्ही टोकांना एकाच क्षणी सेकंडरी इंजेक्शन (रिलेला टेस्ट किटमधून कृत्रिम करंट-व्होल्टेज) दिलं, आतले आणि बाहेरचे मिळून ३२ फॉल्ट. ब चा रिव्हर्स सगळ्यात हळू उठला तो २० मिलिसेकंदांनी, रीचच्या कडेच्या फॉल्टला. म्हणजे ब्लॉक उशिरात उशिरा २० अधिक १ अधिक ५, २६ ला पोचतो. अ चा फॉरवर्ड सगळ्यात लवकर उठला तो ११ ला. फरक १५, त्यावर ७ मार्जिन, म्हणून टाइमर २२ केला. उलट्या दिशेने ब चा फॉरवर्ड मुळातच संथ आणि अ चा रिव्हर्स चपळ, तिकडे १० पुरेसा आहे, तसाच ठेवला. कॅरिअर रिसीव्हचा ड्रॉप-ऑफ डिले शून्य होता, तरंगबंध ताईंच्या सांगण्यावरून २० केला. शून्यक्रमजी, अर्थ-फॉल्टची दिशा अ ला ऋणक्रमावर होती, ब ला शून्यक्रमावर. आमच्याकडे समांतर लाइन नाही, तरी अ ला शून्यक्रमावर आणलं, कारण ब च्या रिलेत दुसरा पर्याय नाही. ३२ पैकी काही फॉल्ट या बदलानंतर परत दिले, वेळा तितक्याच आल्या.

परवा ब च्या पलीकडच्या त्याच लाइनवर परत फॉल्ट झाला. अ चा फॉरवर्ड १४ ला उठला, ब्लॉक २२ ला आला, टाइमर ३६ ला भरणार होता. लाइन उभी राहिली. डीआर प्रिंट करून टेबलावर ठेवला आहे.

जुना टेस्टर
शाब्बास. ब चा रिले बदलाल तेव्हा हेच ३२ फॉल्ट परत द्या, आणि दोन्ही टोकांच्या सेटिंग शीटवर समोरच्या टोकाच्या वेळाही लिहून ठेवा.

नवी वाहिनी
शीटमध्ये तसा रकाना आजच घातला, काका. ब चा नवा रिले पुढच्या शटडाउनला बसतोय, त्याच्या वेळा याच धाग्यावर टाकतो.